दोघांच्या बोटीवर प्रवासी कुणीच नसतो

पत्राचा सारांश

न्यू जर्सीत बरीच वर्षं स्थायिक असलेल्या एका ताईंचं हे पत्र. त्या 62 वर्षांच्या, यजमान 67 वर्षांचे, गेल्या वर्षी निवृत्त झाले. चार वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवला आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, एरवी तब्येत ठणठणीत. दोन उन्हाळे ते शिडाची बोट चालवायला शिकले आणि आता 1988 सालची एक 38 फुटी बोट त्यांनी हेरून ठेवली आहे. बेत असा की घर विकायचं, येत्या ऑक्टोबरात बोटीवर राहायला जायचं, किनाऱ्या-किनाऱ्याने फ्लोरिडाला उतरायचं आणि उन्हाळ्यात परत वर यायचं. ताईंचं माहेर गुहागरकडचं, पण त्यांना पोहता येत नाही. मुलगी म्हणते, "बाबांचं काहीतरीच." पुण्याची थोरली बहीण म्हणते, "जन्मभर राबले, त्यांची एवढी हौस मोडू नकोस." ताई विचारतात, "मी नाही म्हटलं तर माझ्यामुळे राहिलं, हे कायमचं डोक्यावर राहील. म्हणून वाटतं, जावं. बोट ते चालवतील, मी स्वयंपाक करीन, वाचीन, सोबत करीन. असं सोबतीपुरतं गेलं तर चालेल का?"

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. सोबतीपुरतं गेलेलं चालणार नाही. जाऊच नका असं मी म्हणत नाही. पण ज्या बोटीवर दोनच माणसं आहेत तिथे प्रवासी म्हणून जाता येत नाही, आणि ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. बहुधा तुमच्या यजमानांनाही नाही.

तुमच्या बेताचा पहिलाच टप्पा बघा. न्यू जर्सीच्या किनाऱ्यालगत आतून एक जलमार्ग आहे, पण खोल तळाच्या शिडाच्या बोटींना तो बहुतेक ठिकाणी उथळ पडतो. त्यामुळे उत्तर टोकाच्या सँडी हूकपासून दक्षिण टोकाच्या केप मेपर्यंत बाहेरून, खुल्या अटलांटिकमधून जावं लागतं. अंतर शंभर सागरी मैलांच्या वर. अशी बोट 5-6 नॉट, म्हणजे ताशी 5-6 सागरी मैल वेगाने चालते, म्हणजे मध्ये कुठे शिरला नाहीत तर एक अख्खी रात्र समुद्रात. रात्रभर एकच माणूस सुकाणूवर राहू शकत नाही. ते दोन-तीन तास झोपतील तेव्हा वर अंधारात तुम्ही असाल. समोरून येणारा दिवा मालवाहू जहाजाचा की मासेमारीच्या बोटीचा, तो आपल्याकडे येतोय की लांब जातोय, हे तुम्हाला कळायला हवं. त्यांना उठवायचं की नाही, हा निर्णयही तुमचाच.

आता जे तुमच्या घरात कुणी बोललेलं नसेल ते बोलते. बोलायला जड आहे, पण यजमानांसमोर एकदा मांडावंच लागेल. ते पाण्यात पडले तर? 5 नॉटने चाललेली बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते. लाटा असतील तर तेवढ्या अंतरावरचं माणसाचं डोकं दिसेनासं होतं. त्या मिनिटात तरंगणारं काहीतरी त्यांच्या दिशेने फेकायचं, जीपीएसवर जागेची खूण करायची, रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनेलवर मदत मागायची, शीड आवरायचं, पाण्यात दोर लोंबत नाही हे बघून इंजिन सुरू करायचं आणि नजर न हलवता बोट वळवायची. एवढं सगळं करायला बोटीवर तुम्ही एकट्या आहात. जवळ पोचल्यावरही काम संपत नाही. भिजलेल्या कपड्यांतलं मोठं माणूस हाताने ओढून वर घेणं धडधाकट तरुणालाही जमत नाही. त्यासाठी शीड चढवायचा दोर आणि विंच, म्हणजे दोर ओढायचं दांड्याने फिरवायचं चाक, वापरायची पद्धत असते, ती शिकता येते आणि आधी उशी किंवा फेंडर (धक्क्याचा मार बसू नये म्हणून बोटीच्या कडेला लावायचा फुगा) पाण्यात टाकून तिचा सराव करता येतो.

तुमच्या घरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बोट वळताना शिडाखालचा आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, तो सपकन एका बाजूहून दुसऱ्या बाजूला येतो. डोक्याला त्याचा मार बसणं हा नेहमीचा अपघात आहे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला लागलं की आत रक्तस्राव व्हायची भीती जास्त. "जरा आदळलं, काही नाही," म्हणून ते हसण्यावारी नेणार नाहीत, असा नियम दोघांत आधीच ठरलेला हवा. स्टेंट बसवलेली कितीतरी माणसं आनंदाने बोटी चालवतात, तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिला तर त्यांनी खुशाल जावं. पण बोटीवरचं दुसरं माणूस बोट किनाऱ्याला आणू शकतं की नाही, ही त्यांच्या प्रकृतीचीच बाब धरा.

म्हणून "त्यांची हौस, माझी सोबत" ही मांडणीच मला मान्य नाही. बहिणीच्या बोलण्यात माया आहे, पण तिच्या डोळ्यांसमोर बहुतेक काशीयात्रा आहे. तिथे एकाने ठरवलं आणि दुसरा मागोमाग गेला तरी निभावतं. बोटीवर यजमानांना तुमची गरज बरोबरीच्या खलाशाची आहे. तुम्ही शिकणं ही त्यांच्या बेताची पहिली अट आहे, आणि तुम्ही शिकला नाहीत तर तो बेत त्यांच्या स्वतःसाठीही धोक्याचा आहे. हे त्यांना याच शब्दांत सांगा. इंजिनिअर माणूस आहे, त्यांना पटेल.

पाण्याच्या भीतीबद्दल एक निरीक्षण नोंदवते, राग मानू नका. तुमच्या मोठ्या पत्रात भीतीला एक ओळ आहे आणि रविवारच्या मराठी शाळेला जवळजवळ पान. चौथीच्या वर्गातली मुलं, गणेशोत्सवात बसवलेलं नाटक, मुलीच्या घरी दर शुक्रवारी नातवासाठी जाणं, परसातली अळू आणि कढीपत्त्याची कुंडी. मला वाटतं तुम्हाला बुडायच्या भीतीपेक्षा हे सगळं सुटण्याचं दुःख मोठं आहे. भीती सांगितली की घरात कुणी वाद घालत नाही, पण "मला माझं चाललंय ते आवडतं" असं म्हणायला आपल्या पिढीतल्या बायकांना संकोच वाटतो. तो वाटू देऊ नका. पोहणं वायएमसीएच्या प्रौढांच्या वर्गात चार-सहा महिन्यांत येऊ शकतं, 62 हे त्यासाठी काही वय नव्हे. शाळेचं आणि नातवाचं उत्तर मात्र दोघांनी बसूनच शोधावं लागेल.

यजमानांनाही एक प्रश्न विचारा. जानेवारीतला एक मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जाईल, ते लिहून द्या म्हणावं. पुष्कळांच्या मनात फुगलेलं शीड आणि सूर्यास्त असतो. व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून मियामीपर्यंत सुमारे 1,090 मैलांचा जो आतला जलमार्ग आहे, तो कालवे, नद्या आणि खाड्या जोडून केलेला आहे. अरुंद पात्रामुळे तिथे शिडाच्या बोटीही बहुतेक वेळ इंजिनावरच चालतात. दिवसाला 40-50 मैल. पूल उघडायची वाट बघायची, गाळ कुठे साचलाय ते बघत जायचं, संध्याकाळी नांगर टाकायचा. जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक सहा ते नऊ फुटांचा, त्यामुळे सकाळी निघायची वेळ तुम्ही ठरवत नाही, ओहोटी ठरवते. वारा उलटा असला की तीन-तीन दिवस एकाच जागी मुक्काम. कपड्यांची पिशवी डिंगीत, म्हणजे नांगरलेल्या बोटीवरून किनाऱ्याला जायच्या छोट्या रबरी होडीत, टाकून धुलाईला न्यायची, संडासाची टाकी रिकामी करून घ्यायची, डिझेलचा फिल्टर बदलायचा. हे वाचूनही त्यांचे डोळे चमकले, तर त्यांना खरंच हे आयुष्य हवंय. आणि ते सुंदर आहे, हेही मी मनापासून सांगते. डिस्मल स्वँपच्या कालव्यातलं चहाच्या रंगाचं पाणी, कंबरलँड बेटावर मोकळे फिरणारे घोडे, सेंट ऑगस्टिनच्या जुन्या किल्ल्यासमोर बोयाला बांधलेली बोट, हे गाडीतून जाणाऱ्याला तसं भेटत नाही. शिवाय वाटेत तुमच्याच वयाची जोडपी पावलोपावली भेटतात. एकाच दिशेने निघालेली ही माणसं संध्याकाळी एकमेकांच्या बोटीवर येतात. एकटं पडण्याची जी भीती तुम्ही लिहिली आहे, ती इथे अनेकांची खोटी ठरते.

त्यांना हेही विचारा की शीडच का. या जलमार्गावर निवृत्त जोडप्यांच्या कितीतरी बोटी ट्रॉलर म्हणतात तशा, संथ चालीच्या इंजिनाच्या असतात. राहायची जागा जास्त, बसून सुकाणू धरायला आडोसा, दोरखंड ओढायचे नाहीत. शिडावरच जीव असेल तर प्रश्न मिटला, पण विचारलंच नाही असं होऊ नये.

आता घराबद्दल. इथे माझं मत ठाम आहे, घर या वर्षी विकू नका. अमेरिकेच्या करनियमांत विक्रीच्या आधीच्या 5 वर्षांपैकी किमान 2 वर्षं ते तुमचं राहतं घर असलं, तर एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला 5 लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर संघीय कर लागत नाही. म्हणजे आज घर भाड्याने दिलंत, तरी जवळजवळ तीन वर्षं ही सवलत हातची जात नाही. नेमक्या तारखा आणि भाड्याच्या काळातल्या घसाऱ्याचा हिशेब तुमच्या कर सल्लागाराकडून करून घ्या. पण तीन वर्षं म्हणजे पूर्ण दोन मोसम बोटीवर राहून बघायला पुरेसा वेळ. ज्यांना दोन मोसमांनंतर ते जमत नाही त्यांची मोठी पंचाईत ही असते की परतायला घर उरलेलं नसतं आणि जुनी बोट लवकर विकली जात नाही.

आरोग्य विम्याकडे तर लगेच बघा. ते 67 चे, त्यांचं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, आहे. पण ते मूळ मेडिकेअर आहे की मेडिकेअर ॲडव्हान्टेज? मूळ मेडिकेअर देशभरात ते स्वीकारणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे चालतं. ॲडव्हान्टेजच्या बऱ्याच योजना ठरावीक भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात, आणि सतत जागा बदलणाऱ्याला त्या अडचणीच्या ठरतात. तुमचा प्रश्न त्याहून नाजूक. तुम्हाला मेडिकेअर मिळायला अजून तीन वर्षं आहेत. नोकरीचा विमा गेल्यावर मार्केटप्लेसवर, म्हणजे स्वतःचा विमा स्वतः घेण्याच्या सरकारी बाजारात, योजना घेतलीत तर ती तुमच्या पत्त्याशी बांधलेली असते, आणि घर विकून टाकलं की पत्ता कुठला, हाच प्रश्न उभा राहतो. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही घर तीन वर्षं ठेवणं शहाणपणाचं.

बोटीचा विमाही त्यांना वाटतो तितका सरळ मिळणार नाही. बोट जवळपास चाळीस वर्षांची आहे. ती पाण्याबाहेर काढून तज्ज्ञ सर्वेक्षकाकडून तपासून घेतल्याशिवाय विमा कंपन्या सहसा पुढे जात नाहीत, आणि चालवणाऱ्याचा अनुभव किती हेही विचारतात. विकणाऱ्याने सुचवलेला सर्वेक्षक घेऊ नका, स्वतः शोधा. वर्षाला बोटीच्या किमतीच्या दहा टक्के देखभालीला जातात असा ढोबळ हिशेब लोक धरतात. जुन्या, स्वस्तात मिळालेल्या बोटीला तो कमी पडतो, कारण शीड आणि इंजिन यांच्या किमती बोट स्वस्त मिळाली म्हणून उतरत नाहीत. पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंचीही मोजून घ्या. या मार्गावरचे न उघडणारे पूल साधारण 65 फुटांचे धरलेले आहेत, मियामीतला ज्युलिया टटल पूल मात्र 56 फुटांचाच आहे.

मोसमाचं गणित तुम्हाला त्यांच्यापेक्षा लवकर समजेल. तुमच्या माहेरी नारळी पौर्णिमेआधी होड्या पाण्यात जात नाहीत, तसंच इथे अटलांटिकचा चक्रीवादळांचा काळ 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत मानतात. अनेक विमा कंपन्या नोव्हेंबर लागेपर्यंत बोट एका ठरावीक अक्षांशाच्या उत्तरेलाच ठेवायला सांगतात. म्हणून दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटी ऑक्टोबरात चेसापीक उपसागरात रेंगाळतात आणि नोव्हेंबरच्या सुमाराला नॉरफोकहून पुढे सरकतात. तुमच्या यजमानांच्या बेतात मला यामुळेच घाई दिसते. बोट अजून घेतलेली नाही, तपासलेली नाही, तुम्ही तिच्यावर पाऊल ठेवलेलं नाही आणि ऑक्टोबरात निघायचं. हवामान ठीक नसताना माणसं समुद्रात जातात ती बहुतेक कुणाला तरी तारीख दिलेली असते म्हणून. नातवाच्या वाढदिवसाला अमुक दिवशी सव्हानाला पोचतो, असं मुलीला कधीच सांगू नका.

तर मग करायचं काय? हा ऑक्टोबर सोडून द्या. हे वर्ष शिकण्याचं. यजमान ज्या शाळेत शिकले तिथे तुम्ही जाऊ नका, आणि त्यांच्याकडून तर मुळीच शिकू नका. नवऱ्याने गाडी शिकवताना काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अमेरिकन सेलिंग आणि यूएस सेलिंग या दोन्ही संस्थांचे पायऱ्या-पायऱ्यांचे अभ्यासक्रम आहेत. केवळ स्त्रियांसाठीचे वर्गही मिळतात, तिथे सुकाणू कुणी हातातून काढून घेत नाही. मग उन्हाळ्यात चेसापीकवर एक आठवडा बोट भाड्याने घ्या, शिकवणाऱ्या कॅप्टनसह. कॅप्टनला आधीच सांगून ठेवा की त्या आठवड्यातला अर्धा वेळ हुकूम तुम्ही द्याल आणि यजमान दोर ओढतील. माझा अनुभव असा की नवराबायकोंतली निम्मी भांडणं धक्क्याला बोट लावताना होतात, आणि सुकाणूवर बाई आणि दोर घेऊन धक्क्यावर उतरणारा पुरुष, अशी अदलाबदल केली की ती पुष्कळ कमी होतात. ताकदीचं काम दोराचं आहे, सुकाणूला ताकद लागत नाही.

त्याच आठवड्यात गुडघ्यांची परीक्षा घ्या. बोटीची आतली शिडी उभी असते, तिची सवय होते. डिंगीतून चढ-उतार करणं खरं अवघड, कारण दोन्ही बाजू हलत असतात. वयामुळे बोट सोडावी लागणाऱ्यांना अनेकदा समुद्रापेक्षा ही डिंगीच जड जाते. मागे चांगल्या पायऱ्या असलेली बोट बघा. बोट लागत असेल तर खाली केबिनमध्ये वाचत बसू नका, वर या आणि क्षितिजावर नजर ठेवा. आतल्या जलमार्गावर हा त्रास फारसा होत नाही.

स्वयंपाकघराबद्दल विचारलंत म्हणून सांगते. कुकर घेऊन जा. गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं आणि झाकण घट्ट असल्याने बोट कलंडली तरी वरण सांडत नाही, म्हणून अमेरिकन मंडळीही बोटीवर आवर्जून कुकर ठेवतात. पण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळाला तर खिडकी उघडता येते, बोटीत तो तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. सिलिंडर बाहेर हवेशीर कप्प्यात हवा, प्रत्येक स्वयंपाकानंतर तिथूनच बंद व्हायला हवा, गळती सांगणारा गजर हवा. सर्वेक्षकाला हे वेगळं बघायला सांगा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजरही.

दुसरं वर्ष छोट्या मोसमाचं. न्यू जर्सीहून बोट नेण्याचा हट्टच कशाला? उन्हाळ्यात बोट दक्षिणेतच जमिनीवर काढून ठेवणारी माणसं पुष्कळ आहेत, फ्लोरिडातलं ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज किंवा इंडियनटाउन त्यासाठी ओळखीचं आहे. वादळाच्या काळात तिथे ठेवलेली बोट आपल्या विम्यात बसते का, तेवढं आधी विचारा. बोट तिकडेच घेतलीत तर जानेवारी ते मार्च तिथे राहायचं आणि बाकीचे महिने घरी. गणेशोत्सव तुमचा राहतो, सप्टेंबर ते डिसेंबर शाळा राहते, उरलेल्या तीन महिन्यांचे वर्ग ऑनलाइन घेता येतील का ते मंडळाला विचारता येईल. मुलीचं कुटुंब हिवाळ्याच्या सुट्टीत तिथे येऊ शकतं. हिवाळ्यातला बर्फ उपसण्यातून सुटका होते ती वेगळीच.

आणि एवढं सगळं करून, पोहणं शिकून, आठवडाभर सुकाणू धरूनही तुमचं मन नाही म्हणालं तर? मग स्पष्ट नाही म्हणा. ते नाही आजच्या नाहीपेक्षा निराळं असेल, कारण ते तुम्ही बोट जाणून म्हटलेलं असेल. त्यांचा बेत तेवढ्याने संपत नाही. लांबचे टप्पे ते एखाद्या अनुभवी मित्राबरोबर किंवा पगारी कॅप्टनबरोबर करू शकतात, आणि तुम्ही जॅक्सनव्हिलला विमानाने उतरून तासाभरात सेंट ऑगस्टिनला त्यांना भेटू शकता, पंधरा दिवस राहून परतू शकता. असं करणारी जोडपी आहेत आणि त्यांचे संसार चांगले चाललेत. फक्त त्या परिस्थितीत एक अट घाला आणि ती त्यांच्याकडून कबूल करून घ्या. खुल्या समुद्राच्या किंवा रात्रीच्या टप्प्याला बोटीवर दुसरं जाणतं माणूस असल्याशिवाय नांगर उचलायचा नाही, आणि ते माणूस कोण, कुठून कुठे चाललोय, कधी पोचणं अपेक्षित आहे, हे निघण्यापूर्वी तुम्हाला लिहून पाठवायचं. ठरल्या वेळेनंतर किती तासांनी तुम्ही तटरक्षक दलाला फोन करायचा, तेही त्याच कागदावर असू द्या.